ओव्हर लावताना मालकाकडे किती बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता, अमेरिकन फुटबॉल आवडीने बघता आणि ज्या सामन्यात भरपूर गुण होतील असं वाटतं त्यावर ‘ओव्हर’ लावता. मित्र सांगतात की मालक वादात सापडला की संघ विस्कटतो, तेव्हा अशा संघाच्या सामन्यांवर सरळ ‘अंडर’ लावावा. वॉशिंग्टनचा मालक बदलला तेव्हा तेच मित्र म्हणाले, आता ओव्हर. २०१८ मधल्या रॅम्स-चीफ्स सामन्याचाही तुम्ही उल्लेख केला आहे. शिवाय पुण्यातल्या धाकट्या भावालाही यात घ्यावं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. न्यू जर्सीत सट्टा कायदेशीर झाल्यानंतर बरीच वर्षं मी काउंटरच्या पलीकडे, म्हणजे भाव ठरवणाऱ्यांच्या बाजूला काम केलं. त्या अनुभवावरून आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. मालकाच्या भानगडींवरून एका सामन्याचे गुण ओळखता येत नाहीत. मालक पैसा कुठे घालतो, कुणाला काढतो, छत बांधतो की नाही, याचा परिणाम होतो. पण तो तुमच्या आधी आकड्यात उतरलेला असतो. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते हे, की सगळ्या क्लबांचे मालक मिळून दर वसंतात नियमांवर मतदान करतात. गुणांची पातळी वरखाली होण्यात त्या मतदानाचा हात कुठल्याही एका मालकापेक्षा मोठा आहे.

आकडा म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील याचा अंदाज बुकी मांडतो. त्याच्या वर गेलं तर ओव्हर, खाली राहिलं तर अंडर. भारतात क्रिकेटच्या सट्ट्यात ज्याला सेशन म्हणतात त्याच जातीची ही पैज. टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की) सहा, त्यानंतरच्या किकचा एक, फील्ड गोलचे (किक मारून चेंडू गोलपोस्टमधून घातला की) तीन. त्यामुळे बेरजा सात आणि तीनच्या उड्या मारत पुढे जातात आणि ४१, ४४, ४७, ५१ असे काही आकडे शेजारच्या आकड्यांपेक्षा जास्त वेळा निघतात. ४६.५ वर ओव्हर मिळणं आणि ४७.५ वर मिळणं यातला फरक म्हणूनच दिसतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. सामना कसा होईल याबद्दलचं तुमचं मत बरोबर असूनही एका गुणाने पैसे जातात ते इथे.

आता तुम्ही ज्याचा उल्लेख केलात तो सामना. १९ नोव्हेंबर २०१८, सोमवारची रात्र, लॉस एंजेलिसचं कोलिझियम. सामना खरं तर मेक्सिको सिटीच्या अस्तेका मैदानावर व्हायचा होता. तिथलं गवत खेळण्याजोगं नव्हतं म्हणून आयत्या वेळी हलवला. रॅम्स ५४, चीफ्स ५१. दोन्ही संघांनी पन्नाशी गाठली असं एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, इतिहासात त्याआधी कधी झालं नव्हतं. आकडा ६३.५ च्या आसपास लागला होता, म्हणजे या लीगमध्ये क्वचितच दिसणारी उंची. तरीही तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ४०-३० झाले आणि ओव्हरवाले शेवटची पंधरा मिनिटं निवांत बघत बसले. चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) पॅट्रिक माहोम्सने सहा टचडाउन पास फेकले आणि तीन पास प्रतिस्पर्ध्याच्या हातातही दिले. तीन टचडाउन तर बचाव फळ्यांनी केले. त्यांतले दोन एकट्या सॅमसन इबुकॅमचे.

पण तोच रॅम्स संघ पुढे ३ फेब्रुवारी २०१९ ला अटलांटात सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, खेळला. तोच प्रशिक्षक, तोच क्वार्टरबॅक, तोच हंगाम. आकडा ५६ च्या जवळपास होता. निकाल लागला पेट्रियट्स १३, रॅम्स ३. अख्ख्या सामन्यात एकच टचडाउन, तोही चौथ्या क्वार्टरमध्ये. सुपर बोलच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. अडीच महिन्यांच्या अंतराने एकदा १०५ आणि एकदा १६.

मित्रांच्या सिद्धांताची परीक्षा इथेच होते. रॅम्सचे मालक स्टॅन क्रोंके त्या काळात देशातल्या सर्वांत वादग्रस्त मालकांपैकी एक होते. त्यांनी २०१६ मध्ये सेंट लुईसमधून संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला होता. सेंट लुईसने लीगवर आणि मालकांवर खटला भरला आणि २०२१ मध्ये तो ७९ कोटी डॉलरला मिटला. १०५ गुण झाले त्या रात्री तो खटला चालू होता, १६ झाले तेव्हाही चालू होता. ती गोष्ट दोन्ही वेळी सारखीच होती, म्हणून या दोन निकालांतला फरक तिच्यातून निघू शकत नाही. फरक पडला तो पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या बचाव आराखड्याने, रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफवर आलेल्या दडपणाने आणि अर्थात नशिबाने.

नशीब हा शब्द मी जबाबदारीने वापरते आहे. फार मोठ्या गुणांचे सामने उलगडून पाहिले तर त्यांत बहुतेक वेळा बचाव फळीचे किंवा किक परतवून केलेले टचडाउन सापडतात. ते होतात हे खरं, पण कुठल्या रविवारी होतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात ज्या संघाने चेंडू हिसकावून दोन टचडाउन केले, तो या आठवड्यातही करेल असं मानून लोक ओव्हर लावतात आणि बुकी त्यांना अर्ध्या गुणाने महाग आकडा आनंदाने विकतो.

जुनी उदाहरणं देते, कारण त्यांत मालकही आहेत. वॉशिंग्टन संघाचे संस्थापक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे या लीगच्या इतिहासातलं सर्वांत काळं मालकी प्रकरण. इतर सगळ्या संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, तरी हे १९६२ पर्यंत घेत नव्हते. शेवटी केनेडी सरकारचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी बजावलं की नवं स्टेडियम संघराज्याच्या जमिनीवर आहे, भेदभाव चालणार नाही. मग कुठे बॉबी मिचेल आला. मृत्यूनंतर स्वतःच्या नावाने निघणाऱ्या संस्थेचा पैसा वर्णीय एकात्मतेला मदत करणाऱ्या कुठल्याही कामाला वापरू नये, असं मृत्युपत्रात लिहून ठेवणारा हा माणूस. २०२० मध्ये त्यांचा पुतळा मैदानाबाहेरून काढला गेला. त्याला फार उशीर झाला असंच मी म्हणेन.

१९४० च्या नोव्हेंबरात मार्शल यांच्या संघाने शिकागो बेअर्सला ७-३ असं हरवलं. बेअर्सनी पंचांच्या निर्णयावर तक्रार केली तेव्हा मार्शल वार्ताहरांसमोर त्यांना रडतराऊ म्हणाले. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, अजिंक्यपदाच्या सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि बेअर्स ७३-० ने जिंकले. कुठल्याही एनएफएल सामन्यात एका संघाने केलेली ही आजही सर्वांत मोठी गुणसंख्या. मालकाच्या जिभेमुळे ७३ गुण झाले ही कथा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि चिडलेला संघ जीव तोडून खेळतो हे मलाही मान्य आहे. पण त्या ७३ मधले तीन टचडाउन प्रतिस्पर्ध्याचे पास मध्येच पकडून केलेले होते. राग तीन आठवडे टिकला असेल. चेंडू तीनदा बरोबर त्याच हातांत पडणं रागाच्या हातात नव्हतं.

एका नियमित सामन्यातला एकूण गुणांचा विक्रमही याच संघाच्या नावावर आहे. २७ नोव्हेंबर १९६६: वॉशिंग्टन ७२, न्यू यॉर्क जायंट्स ४१. एकूण ११३, सोळा टचडाउन. मार्शल तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि कारभार वकील एडवर्ड बेनेट विल्यम्स पाहत होते. ब्रिग ओवेन्सने बचावात दोन टचडाउन केले, रिकी हॅरिसने पंट (प्रतिस्पर्ध्याने लांब मारलेली किक) परतवून एक, मिचेलने धावत जाऊन एक. ज्यांना पाच वर्षांपूर्वी या संघाचं दार बंद होतं त्यांच्या पायांवर हा विक्रम उभा आहे. या खेळातलं माझं सर्वांत आवडतं गुणपत्रक हेच.

त्याच मार्शल यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी पैज लावणाऱ्याने लक्षात ठेवावी. १९३३ मध्ये त्यांनी आणि बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी नियम बदलून घेतले: रेषेच्या मागे कुठूनही पुढे पास टाकायची मुभा, गोलपोस्ट गोलरेषेवर. कारण उघड होतं. ०-० आणि ३-३ बघायला लोक तिकीट काढत नव्हते. मालकांना गुण हवे असतात, कारण गुणांवर खुर्च्या भरतात. पुढे टीव्हीचे करार त्यावरच झाले. १९७४ मध्ये गोलपोस्ट मागे नेले. १९७८ मध्ये बचावपटूने पाच यार्डांपुढे पास झेलणाऱ्याला धरायचं नाही, असं ठरलं आणि पासचा खेळ मोकळा झाला. २००४ मध्ये तोच नियम कडक लावायला सांगितलं. नियम बदलायला आज ३२ क्लबांपैकी २४ मतं लागतात. २०२४ ला किकऑफची, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकची, पद्धत बदलली. २०२५ ला टचबॅक, म्हणजे किकऑफ परतवला गेला नाही तर आक्रमण सुरू होण्याची जागा, पाच यार्ड पुढे ३५ यार्डांवर आणला. आक्रमण पाच यार्ड पुढून सुरू झालं की फील्ड गोलची हद्द पाच यार्डांनी जवळ येते, हे हिशेबाने कुणालाही कळेल. वर्तमानपत्रात मात्र त्या आठवड्यात कुठल्यातरी मालकाच्या भांडणाची बातमी मोठी असते.

पंचांना काय सांगितलं गेलंय हेही असंच बघायचं. २०२० चा हंगाम जवळपास रिकाम्या मैदानांत झाला, आक्रमक फळीच्या पकडण्यावर शिट्ट्या कमी वाजल्या आणि एकूण १२,६९२ गुण झाले, सामन्यामागे जवळपास ५० ची सरासरी. लीगच्या इतिहासात तोवर इतके गुण कधी झाले नव्हते. पुढची दोन-तीन वर्षं बचाव फळ्या दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे करून खेळू लागल्या आणि सरासरी घसरली. २०२० ची आठवण मनात ठेवून २०२२ मध्ये ओव्हर लावणारे पुष्कळ लोक मी काउंटरच्या पलीकडून पाहिले. त्यांचा खेळाचा अभ्यास चांगला होता. फक्त त्यांच्या डोक्यातलं साल जुनं होतं.

आता एकेका मालकाचा परिणाम खरोखर कुठे होतो ते सांगते.

पहिलं, छत आणि इमारत. बंद छताखाली वारा नाही. पाऊस किंवा बर्फ दिसला की लोक अंडरकडे धावतात. पण लांब पास आणि किक बिघडवतो तो वारा, ताशी १५-२० मैलांच्या पुढचा. काउबॉइज संघाचे मालक जेरी जोन्स यांचं डॅलसचं स्टेडियम पूर्व-पश्चिम बांधलेलं आहे आणि पश्चिमेच्या प्रचंड काचांमधून हिवाळ्यातलं दुपारचं ऊन थेट मैदानात येतं. १० नोव्हेंबर २०२४ ला ईगल्सविरुद्ध काउबॉइजचा सीडी लॅम एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) उभा होता, चेंडू त्याच्याकडे आला आणि सूर्यामुळे तो त्याला दिसलाच नाही. काउबॉइज ३४-६ ने हरले. पडदे लावा अशी मागणी झाली, जोन्स यांनी ती फेटाळली. मालकाचा हट्ट सरळ चेंडूपर्यंत पोचल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. तेही फक्त दुपारी उशिरा सुरू होणाऱ्या सामन्यांपुरतं आणि विशिष्ट महिन्यांतच.

दुसरं, अधीरपणा. कॅरोलायना पँथर्सचे डेव्हिड टेपर यांनी २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यात एक प्रशिक्षक काढला, २०२३ मध्ये अकरा सामन्यांनंतर दुसरा. ३१ डिसेंबर २०२३ ला जॅक्सनव्हिलमध्ये संघ २६-० ने हरत असताना टेपर यांनी प्रेक्षकाच्या अंगावर पेय फेकलं आणि तीन लाख डॉलर दंड भरला. पुढच्या रविवारी संघ ९-० ने हरला. सलग दोन सामन्यांत शून्य. मित्र म्हणतील, बघा, मालक वादग्रस्त आणि अंडर लागला. पण गुण पेय फेकल्यामुळे अडले नव्हते. नवखा क्वार्टरबॅक, गळकी फळी आणि दर काही महिन्यांनी बदलणारी योजनापुस्तिका, ही कारणं सप्टेंबरपासून सगळ्यांना दिसत होती. डिसेंबरपर्यंत त्यांच्या सामन्यांचे आकडेही खाली आलेले होते. दंडाची बातमी आली तोवर त्यातला पैसा संपला होता.

क्लीव्हलंड ब्राउन्स संघाचंही तसंच. मालक हॅसलम कुटुंबाने २०२२ मध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी दिल्या आणि २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी दिली. त्याच्यावर अनेक स्त्रियांनी गंभीर आरोप केले होते. लीगने त्याला अकरा सामन्यांसाठी बाहेर ठेवलं. त्या सौद्याची नैतिक बाजू मला आजही खुपते. मैदानावर त्याची किंमत संघाने पुढची कित्येक वर्षं थंड आक्रमणाच्या रूपाने मोजली.

तिसरं, हरण्याची इच्छा. हे सर्वांत नाजूक आहे, म्हणून जरा थांबून सांगते. या लीगमध्ये तळाच्या संघाला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळते. त्यामुळे एखाद्या मालकाला वाटू शकतं की यंदा हरलेलं बरं. मायामी डॉल्फिन्सचे माजी प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोप केला की २०१९ च्या हंगामात मालक स्टीफन रॉस यांनी प्रत्येक पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले होते. रॉस यांनी इन्कार केला. लीगच्या चौकशीचा निष्कर्ष असा की संघ मुद्दाम हरला नाही, पण विजयांपेक्षा निवडीचा क्रम महत्त्वाचा असं मत रॉस यांनी वारंवार बोलून दाखवलं होतं. दुसऱ्या संघांशी करारबद्ध असलेल्या टॉम ब्रेडी आणि शॉन पेटन यांच्याशी परस्पर बोलणी केल्याबद्दल मात्र त्यांना १५ लाख डॉलर दंड आणि ऑक्टोबर २०२२ च्या मध्यापर्यंत निलंबन झालं, संघाची पहिल्या फेरीची निवडही गेली.

कायदेशीर सट्टा चालणाऱ्या देशात असा आरोप नुसता होणंही मला भयंकर वाटतं. कॅल्विन रिडली या खेळाडूने एकूण १,५०० डॉलर लावले म्हणून त्याचा २०२२ चा अख्खा हंगाम गेला. त्या शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. सामन्याच्या खरेपणावर सगळा व्यवहार उभा आहे. पण मग हरण्याबद्दल बोलणाऱ्या मालकालाही त्याच तराजूत तोलायला हवं होतं.

आता पैज लावणाऱ्याच्या नजरेने तोच २०१९ चा मायामी संघ बघा. पहिला सामना ते ५९-१० ने हरले: ६९ गुण. दुसरा ४३-० ने: ४३ गुण. संघ कमजोर आहे हे शंभर टक्के माहीत असूनही ओव्हर की अंडर हे कळत नाही, कारण कमजोर बचाव गुण वाढवतो आणि कमजोर आक्रमण ते कमी करतं. वर्षाच्या शेवटच्या सामन्यात त्याच संघाने पेट्रियट्सना त्यांच्याच मैदानावर २७-२४ ने हरवलं. खेळाडूंना पुढच्या वर्षीच्या निवडीचं काही नसतं. तेव्हा बहुतेक जण संघात नसतातच. आणि हीच मायामी, हेच रॉस मालक, २४ सप्टेंबर २०२३ ला डेन्व्हरविरुद्ध ७०-२० ने जिंकले. शेवटी फील्ड गोल मारला असता तर १९६६ चा ७२ चा विक्रम मोडला असता. प्रशिक्षक माइक मॅक्डॅनियल यांनी गुडघा टेकवून वेळ संपवला. निलंबित झालेला मालक आणि ७० गुण एकाच ठिकाणी राहू शकतात.

मालकांचं सट्ट्याशी नातं नवं नाही. जायंट्सचे संस्थापक टिम मारा हे घोड्यांच्या शर्यतीचे कायदेशीर बुकी होते. कोल्ट्सचे कॅरल रोझेनब्लूम मोठ्या रकमा लावतात अशी बोलवा होती. १९६३ मध्ये लीगने चौकशी करून त्यांना मोकळं केलं, त्याच वर्षी पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स कॅरस या खेळाडूंना मात्र सट्ट्याबद्दल बाहेर बसवलं. सॅन फ्रान्सिस्कोचे एडी डिबार्टोलो लुईझियानातल्या कॅसिनो परवान्याच्या प्रकरणात अडकले. माजी राज्यपालाने त्यांच्याकडून चार लाख डॉलर उकळले आणि त्यांनी ते कळवलं नाही, हा गुन्हा १९९८ मध्ये कबूल केला आणि संघ शेवटी बहिणीकडे गेला. पुण्यातल्या तुमच्या भावाला हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी घातली ती संघाशी जोडलेली माणसं सट्ट्यात सापडल्यामुळेच, आणि त्या रिकाम्या जागेतच दोन हंगामांपुरता पुण्याचा संघ जन्मला होता.

सध्याचं चित्र वेगळं आहे. याच एनएफएलने इतर संघटनांबरोबर २०१२ मध्ये न्यू जर्सीवर खटला भरला होता, की सट्टा सुरू करू देऊ नका. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीच्या बाजूने निकाल दिला, जूनमध्ये मॉनमथ पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सट्ट्याच्या खिडक्या उघडल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये लीगने सीझर्स, ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल यांच्याशी अधिकृत करार केले. सट्टा कंपन्यांना क्षणाक्षणाची आकडेवारी विकणाऱ्या जीनियस स्पोर्ट्समध्ये लीगची हिस्सेदारी आहे. म्हणजे तुम्ही ओव्हर लावता तेव्हा ज्या मालकाच्या चारित्र्याचा विचार करता, त्याच्यापर्यंत तुमच्या पैजेतला एक छोटा भाग कुठल्यातरी वाटेने जातोच. मला यात सर्वांत जास्त टोचतं ते हेच, आणि लावणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

आता तुमच्या खिशाचं. साध्या पैजेत १०० जिंकायला ११० लावावे लागतात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. हा आकडा लहान दिसतो; वर्षानुवर्षं तो ओलांडणारी माणसं फार थोडी असतात आणि अशा माणसाची मर्यादा कंपनी लगेच खाली आणते. सामना नाणेफेकीसारखा समसमान धरला तरी साध्या पैजेत शंभरामागे साडेचार डॉलर कंपनीकडे जातात. त्याच पाच पैजा जोडून पार्ले केला (सगळ्या जिंकल्या तरच पैसे) तर शंभराचे सुमारे २,५३६ परत मिळतात. न्याय्य भाव ३,२०० असायला हवा. म्हणजे शंभरातले वीसहून जास्त गेले. ॲप उघडल्या उघडल्या पार्लेच समोर का येतो ते यावरून समजून घ्या. ओव्हर आणि त्याच सामन्यातल्या क्वार्टरबॅकचे यार्ड एकत्र जोडून देणारी पैज तर आणखी महाग असते, कारण दोन्ही गोष्टी एकमेकांना धरून चालतात हे भाव लावणाऱ्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

लावायचंच असेल तर दोन-तीन परवानाधारक ॲपवर आकडा ताडून घ्या, एकीकडे ४७.५ आणि दुसरीकडे ४६.५ असणं रोजचं आहे. प्रत्येक पैजेसमोर सामना सुरू होतानाचा शेवटचा आकडा लिहून ठेवा. तुम्ही ४६.५ ला ओव्हर घेतला आणि आकडा ४८ वर बंद झाला, असं वारंवार होत असेल तर तुमच्या अभ्यासात काही आहे. उलट होत असेल तर हंगाम जिंकलात तरी तो योगायोग आहे. गाजलेल्या रात्रीच्या सामन्यांत ओव्हरला गर्दी असते, म्हणून तिथला आकडा कधी कधी अर्ध्या गुणाने फुगलेला असतो. पण तेवढ्यावरून रोज अंडर लावून ११० चा खर्च भरून निघत नाही. सामना चालू असताना, विशेषतः हरलेली रक्कम परत मिळवायला, लावू नका. तुमच्या पत्रात एका ठिकाणी घरखर्चाच्या खात्यातून पैसे काढल्याचं आलंय. ते वाचून मला काळजी वाटली. न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते, आणि राज्याच्या यंत्रणेत स्वतःचं नाव देऊन सगळ्या ॲपपासून ठरावीक काळ दूर राहायची सोय आहे. पुढची पैज लावायच्या आधी हा फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला खात्याबद्दल खरं सांगा.

भावाला यात अजिबात घेऊ नका. न्यू जर्सीच्या परवान्यावर पैज लावणारा माणूस त्या वेळी राज्याच्या हद्दीत असावा लागतो आणि दुसऱ्याच्या वतीने लावणं नियमबाह्य आहे. भारतात तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. सामना सोबत बघायला त्याला पहाटे उठवा, पैशाला नको.

राहिला वॉशिंग्टनचा प्रश्न. डॅन स्नायडर यांनी १९९९ मध्ये ८० कोटींना घेतलेला संघ २०२३ मध्ये ६०५ कोटी डॉलरला जॉश हॅरिस यांच्या गटाला विकला. कार्यालयातल्या छळाच्या आणि पैसे दडवल्याच्या चौकशीअंती जाता जाता सहा कोटी दंडही झाला. चाहत्यांनी जल्लोष केला. त्या पहिल्या हंगामात संघ ४-१३ (चार विजय, तेरा पराभव) राहिला, आणि सामन्यांत गुण पुष्कळ झाले ते या संघाने ५१८ गुण खाल्ले म्हणून, लीगमध्ये सर्वांत जास्त. नव्या मालकाने प्रशिक्षक बदलला आणि क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स आला तो २०२४ मध्ये. मग १२-५. २६ जानेवारी २०२५ ला फिलाडेल्फियात ते ५५-२३ ने हरले, ७८ गुण, आणि त्या ढिगाला हातभार लागला तो वॉशिंग्टनने चार वेळा चेंडू गमावल्याचा. त्यांचा पुढचा सामना बघाल तेव्हा हॅरिस किंवा स्नायडर यांचं नाव कुठेही येऊ देऊ नका. क्वार्टरबॅक तंदुरुस्त आहे का, वारा किती आहे आणि आकडा ४७ च्या कुठल्या बाजूला आहे एवढं पाहा. तिन्ही पाहूनही भाव महाग वाटला, आणि बहुतेक वेळा वाटेलच, तर पैसे न लावता सामना बघा.